परराज्यातलं घर आणि कर्जाची मुदत

आपल्या मालिकेचे श्रोते इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळूरपासून पार न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियापर्यंत पसरलेले आहेत. अमेरिकेतल्या श्रोत्यांकडून एक प्रश्न मला सारखा येतो. ते म्हणतात, आम्ही राहतो तिथे घरं परवडत नाहीत. ओहायो, इंडियाना, टेनेसी इथे स्वस्तात मिळतात. तिथे पहिलं घर घेऊन भाड्यानं द्यायचा विचार आहे. कर्ज कोण देईल? आणि पुढे ते रीफायनान्स करून, त्यातून पैसे काढून, दुसरं घर घेता येईल का?

मी इतिहास सांगणारा माणूस आहे. कुठलं घर घ्या आणि कुणाच्या दारात जा, हे मी सांगणार नाही. पण या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो ठाऊक असला की कर्ज देणारा एवढी कटकट का करतो, हे आपोआप कळतं.

आधी एक शब्द स्पष्ट करून घेऊ. रीफायनान्स म्हणजे जुनं कर्ज नव्या कर्जानं फेडणं. आपल्याकडे व्याज कमी करायला गृहकर्ज एका बँकेतून दुसरीकडे नेतात, बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात, त्याचंच हे भावंड. घराची किंमत वाढली म्हणून जुन्यापेक्षा मोठं कर्ज काढलं आणि मधला फरक रोख हातात घेतला, तर त्याला कॅश-आउट रीफायनान्स म्हणतात. आजच्या गोष्टीत हा शब्द पुन्हा पुन्हा येणार आहे.

कान्ससचं शेत, मॅसॅच्युसेट्सचा पैसा

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं आणि लोक पश्चिमेकडे सरकू लागले. कान्सस, नेब्रास्का, डकोटा. जमीन भरपूर, पैसा नाही. उलट पूर्वेकडे मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, न्यूयॉर्क इथे लोकांच्या गाठीला बचत होती आणि तिथलं व्याज कमी होतं. १८६४ च्या कायद्यानं राष्ट्रीय बँकांना जमिनीच्या तारणावर कर्ज द्यायला बंदी होती. मग ही दरी भरून काढायला कंपन्या उभ्या राहिल्या. कान्ससमधल्या लॉरेन्स गावातली जे. बी. वॉटकिन्स यांची कंपनी त्यातली एक नामांकित. कंपनी शेतकऱ्याला कर्ज द्यायची आणि ते गहाणखत पूर्वेकडच्या एखाद्या निवृत्त माणसाला, विधवेला किंवा संस्थेला विकायची.

कर्ज साधारण पाच वर्षांचं. दर सहा महिन्यांनी फक्त व्याज भरायचं. मुद्दल शेवटी एकरकमी. एकरकमी कोण भरणार? कुणीच नाही. पाच वर्षांनी कर्जाचं नूतनीकरण होईल, हे दोघांनीही गृहीत धरलेलं असायचं.

आता यात जमीन कोण बघत होतं? मॅसॅच्युसेट्सच्या माणसानं कान्सस आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. तो कागद वाचत होता. जमीन बघायचा तो गावातला दलाल, आणि त्याला कमिशन मिळायचं ते कर्ज झालं की. कर्ज बुडलं तर त्याचं काही जात नव्हतं. पाऊस चांगला होता, भाव चढत होते, तोवर हे खपून गेलं. १८८७ पासून दुष्काळाची वर्षं सुरू झाली, १८९३ साली आर्थिक घबराट पसरली, आणि नेमकी त्याच काळात पाच-पाच वर्षांची कर्जं मुदतीला आली. नूतनीकरण करायला पूर्वेकडे कुणी तयार नव्हतं. वॉटकिन्स यांच्यासकट बहुतेक कंपन्या त्या दशकात बुडाल्या.

घरांच्या बाबतीतही तसंच झालं. १८३१ साली फिलाडेल्फियाजवळच्या फ्रँकफर्डमध्ये ऑक्सफर्ड प्रॉव्हिडंट नावाची संस्था निघाली. आपल्या भिशीसारखी कल्पना: शेजाऱ्यांनी पैसे गोळा करायचे आणि आळीपाळीनं घरासाठी उचलायचे. घेणारा ओळखीचा, घर डोळ्यांसमोरचं. अशा हजारो संस्था देशभर झाल्या. १८८० च्या दशकाअखेर काहींनी या भिशीला ‘राष्ट्रीय’ रूप दिलं. कार्यालय एका राज्यात, दलाल दुसऱ्या, घरं तिसऱ्या. पुढच्या दहाएक वर्षांत या राष्ट्रीय संस्था कोसळल्या. गावातल्या संस्था मात्र बऱ्याच टिकल्या.

हा धडा कायद्यातही उतरला. १९३३ च्या कायद्यानं ज्या नव्या संघराज्यीय बचत संस्था निघाल्या, त्यांना सर्वसाधारणपणे आपल्या कार्यालयापासून ५० मैलांच्या आतल्या घरांवरच कर्ज देण्याची मुभा होती. म्हणजे जेमतेम ८० किलोमीटर. आज कॅलिफोर्नियात बसून क्लीव्हलँडचं घर घेणाऱ्याला हे ऐकून हसू येईल. पण ती मर्यादा अनुभवातून आली होती.

मुदत संपली, नूतनीकरण नाही

१९२० च्या दशकात शहरातल्या घरांची कर्जंही तीन ते पाच वर्षांची असत. किंमतीच्या निम्म्यापर्यंत पहिलं कर्ज, कमी पडलं तर जास्त व्याजाचं दुसरं. मुद्दल फारशी फिटत नसे. मुदत संपली की नवा कागद, नवी सही.

१९२९ नंतर बँकाच बुडू लागल्या. आता इथे नीट लक्ष द्या. ज्याची नोकरी गेली त्याचं घर गेलं, हे समजण्यासारखं आहे. पण ज्याचे हप्ते व्यवस्थित चालू होते, त्याचंही घर जात होतं, कारण मुदत संपली होती आणि नवं कर्ज द्यायला कुणाकडे पैसा नव्हता. १९३३ साली दिवसाला सुमारे हजार घरांवर जप्ती येत होती.

जून १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारनं होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं. त्याचं काम एकच होतं, रीफायनान्स. जुन्या सावकाराला रोखे द्यायचे, त्याचं कर्ज ताब्यात घ्यायचं आणि घरमालकाला पंधरा वर्षांचं, पाच टक्क्यांचं नवं कर्ज द्यायचं, ज्यात दर महिन्याच्या हप्त्यात थोडी थोडी मुद्दलही फिटेल. १९३६ पर्यंत असं सुमारे दहा लाख घरांचं रीफायनान्स झालं, तीन अब्ज डॉलरचं. एवढ्या मदतीनंतरही जवळपास दोन लाख घरं अखेर महामंडळाला ताब्यात घ्यावी लागली.

कायद्यात एक अट होती. घर मालकाचं स्वतःचं राहतं घर हवं. म्हणजे दुसऱ्या गावात घर घेऊन भाड्यानं देणाऱ्याला या दारातून प्रवेश नव्हता. राहतं घर आणि गुंतवणुकीचं घर यांच्यातली ही रेघ अमेरिकेत पुढे कायम राहिली. संकट आलं की सरकार आधी राहत्या घराकडे बघतं. भाड्याच्या घराच्या मालकानं ही गोष्ट मनाशी पक्की धरलेली बरी.

कर्जाचा कागद प्रवासाला निघतो

१९३४ साली फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन आलं. या खात्यानं स्वतः कर्ज दिलं नाही, कर्जाला विमा दिला. विमा हवा तर घराचं मूल्यांकन ठरलेल्या पद्धतीनं, कागद ठरलेल्या नमुन्यात, मुदत लांब, हप्ता समान. १९३८ साली फॅनी मे स्थापन झाली, ही विमा उतरवलेली कर्जं विकत घेण्यासाठी. घर जागचं हलत नाही, पण आता त्याचा कागद देशभर हिंडू लागला. न्यूयॉर्कच्या विमा कंपनीला टेक्ससमधलं घर न बघता त्याचं कर्ज घेता येऊ लागलं, कारण कागद कुठेही वाचला तरी सारखाच.

या सोयीची एक किंमत होती आणि ती सगळ्यांनी सारखी मोजली नाही. त्याच खात्याच्या नियमपुस्तिकेत वस्तीत कोणत्या वंशाचे लोक राहतात यावरून जोखीम ठरवली जात होती. होम ओनर्स लोन कॉर्पोरेशननं शहरांचे जे नकाशे बनवले, त्यात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सरसकट लाल रंगात आल्या. सारखा कागद देशभर गेला, तसा पूर्वग्रहही गेला. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानं हा भेदभाव बेकायदा ठरवला, पण तोवर तीसेक वर्षं निघून गेली होती.

हे मी का सांगतोय? कारण आज दूर बसून क्लीव्हलँड, डेट्रॉइट किंवा मेम्फिसमधलं स्वस्त घर बघताना, ते स्वस्त का आहे, हा प्रश्न पडायला हवा. कारखाने गेले, माणसं गेली, हे एक कारण. पण अनेक वस्त्यांत, तिथल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्तीलासुद्धा कर्ज मिळालं नाही, हेही कारण आहे. भाडं भागिले किंमत या आकड्यात ते दिसत नाही. गळक्या छपरात आणि जुन्या जलवाहिन्यांत दिसतं.

पुढचा प्रवास भरभर सांगतो. १९७० साली गिनी मेनं गृहकर्जांच्या गाठोड्यावर पहिले रोखे काढले, त्याच वर्षी फ्रेडी मॅक आली. १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्यानं एक कलम देशभर पक्कं केलं: मालकी बदलली तर बँक पूर्ण कर्ज मागू शकते. स्वतःच्या नावावर कर्ज घेऊन मग घर एलएलसी कंपनीच्या नावावर करणाऱ्या नव्या गुंतवणूकदाराला हे कलम अजून आडवं येतं. १९९४ च्या रीगल-नील कायद्यानं बँकांना राज्याबाहेर शाखा काढायची वाट मोकळी झाली. शतकाच्या शेवटी अशी स्थिती आली की कर्ज देणाऱ्याला अंतराचं भय उरलं नव्हतं.

२००६: सगळे म्हणाले, आम्ही इथे राहणार

आणि मग कान्ससची गोष्ट नव्या कपड्यांत परत आली. दलालाला कमिशन कर्ज झालं की, जोखीम दूरच्या रोखेधारकाकडे, आणि सगळ्यांचा भरवसा एकाच गोष्टीवर: किंमती चढत राहतील आणि मुदतीआधी रीफायनान्स करू.

न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या संशोधकांनी नंतर कर्जांच्या नोंदी तपासल्या. अॅरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि नेवाडा या चार राज्यांत, २००६ च्या शिखरावर, घरखरेदीच्या कर्जांपैकी जवळपास निम्मी कर्जं आधीच घर असलेल्या लोकांनी घेतलेली होती. त्यातल्या अनेकांनी अर्जात लिहिलं होतं की, या घरात आम्ही स्वतः राहणार. कारण राहत्या घराला व्याज कमी आणि स्वतःचा पैसा कमी लागतो. पडझड सुरू झाली तेव्हा हेच लोक लवकर निघून गेले. लास वेगासमध्ये किंमती निम्म्याहून खाली आल्या.

अर्जात असं खोटं लिहिणं हा अमेरिकेत संघराज्यीय गुन्हा आहे. कायद्यात त्याला ३० वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख डॉलरपर्यंत दंड आहे. ‘सगळेच लिहितात’ असं कुणी सुचवलं, तर ही शिक्षा लक्षात ठेवा.

सप्टेंबर २००८ मध्ये फॅनी मे आणि फ्रेडी मॅक सरकारी ताब्यात गेल्या. फॅनी मेनं गुंतवणूकदाराच्या कर्ज असलेल्या घरांची संख्या चारवर आणली, मग २००९ मध्ये कडक अटींसह दहापर्यंत नेली. त्याच वर्षांत कर्ज जुळवून देणाऱ्यांना राज्यवार परवाने आणि देशव्यापी नोंदणी आली. म्हणून तुमच्या गावातला ओळखीचा बिगर-बँक कर्जवाला ओहायोतल्या घराला कर्ज देऊ शकत नाही, असं अनेकदा होतं. त्याच्याकडे ओहायोचा परवाना नसतो.

आजची दारं

आता आजचा नवा गुंतवणूकदार. त्याच्यासमोर मुख्यतः तीन दारं आहेत, आणि तिन्हींवर वरच्या इतिहासाचे ठसे आहेत.

पहिलं दार फॅनी मे-फ्रेडी मॅकच्या नियमांतलं कर्ज. तीस वर्षं, स्थिर व्याज. अलीकडच्या वर्षांत फॅनी मेच्या नियमांत एका कुटुंबाच्या गुंतवणुकीच्या घराला खरेदीसाठी किंमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, दोन ते चार कुटुंबांच्या इमारतीला ७५ टक्के. कॅश-आउट रीफायनान्सला अनुक्रमे ७५ आणि ७० टक्के. सहा महिन्यांच्या हप्त्यांएवढी शिल्लक गाठीला दाखवावी लागते. भाड्याचे फक्त ७५ टक्के धरतात, कारण घर कधी रिकामं राहणार, कधी नळ फुटणार. भाडं किती येईल हे तुम्ही किंवा दलाल सांगत नाही, मूल्यांकन करणारा स्वतंत्र नमुन्यावर लिहितो. १८८० च्या दशकातल्या दलालाला दिलेलं हे उशिराचं उत्तर आहे.

दुसरं दार स्थानिक बँक. घराच्या गावातली छोटी बँक, जी कर्ज विकत नाही, स्वतःकडे ठेवते. ती गल्ली ओळखते, म्हणून दुरून आलेल्याला जास्त प्रश्न विचारते. पण इथे मुदत अनेकदा पाच-सात वर्षांची असते, नंतर फेड नाहीतर नूतनीकरण. १९२० च्या दशकाची आठवण झाली ना?

तिसरं दार डीएससीआर कर्ज. इथे तुमचा पगार बघत नाहीत, घराचं भाडं त्याचा हप्ता, कर आणि विमा भागवतं का, एवढं बघतात. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यानं कर्जदाराची फेडण्याची ऐपत तपासणं सक्तीचं केलं, पण ते राहत्या घरांसाठी. धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाला तो नियम लागू नाही. त्या मोकळ्या जागेत हे कर्ज वाढलं. व्याज जास्त, आणि लवकर फेडलं तर बहुतेक वेळा दंड.

आता नव्या लोकांत लोकप्रिय असलेली एक रीत बघू: पडकं घर घ्या, दुरुस्त करा, भाड्यानं द्या, रीफायनान्स करा, निघालेल्या पैशातून पुढचं घ्या. पडक्या घराला बँक सहसा कर्ज देत नाही, म्हणून सुरुवात खासगी सावकाराच्या चढ्या व्याजाच्या, साधारण वर्षभराच्या कर्जानं होते.

कल्पनेतलं उदाहरण घेऊ. घर १,२०,००० डॉलर, दुरुस्ती ३०,०००. एकूण १,५०,०००. दुरुस्तीनंतर मूल्यांकन २,००,००० आलं तर ७५ टक्के म्हणजे १,५०,००० नवं कर्ज. बंद करण्याचा खर्च सोडला तर सगळा पैसा मोकळा. पण मूल्यांकन १,७०,००० आलं तर कर्ज १,२७,५००. साडेबावीस हजार घरात अडकले, आणि सावकार तर दारात उभा.

मूल्यांकन मनासारखं आलं असं धरू. १,५०,००० वर ७ टक्क्यांनी तीस वर्षांचा हप्ता सुमारे ९९८ डॉलर. कर आणि विमा ३५० धरले तर महिना १,३४८. भाडं १,६०० असेल तर कागदावर २५२ डॉलर उरतात. पण फॅनी मेच्या ७५ टक्के नियमानं भाडं धरलं जातं १,२००, म्हणजे १४८ डॉलरची तूट. ती तुमच्या पगारातून भागते का, हे मग बघतात. माणसाला जे उत्पन्न वाटतं, ते कर्ज देणाऱ्याच्या वहीत खर्च म्हणून लिहिलं जातं, ते असं.

वेळेचंही बघा. २०२३ मध्ये फॅनी मेनं नियम केला की कॅश-आउटनं जे पहिलं कर्ज फेडायचं, ते किमान बारा महिने जुनं हवं. ज्यांनी सहा महिन्यांचा हिशेब मांडून घर घेतलं होतं, त्यांच्या हिशेबात आणखी सहा महिन्यांचं चढं व्याज आलं. आणि व्याजदर? फ्रेडी मॅकच्या साप्ताहिक पाहणीत राहत्या घराच्या तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के होता आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९. गुंतवणुकीच्या घराला याहून जास्तच पडतो. पहिल्या दरावर रचलेली साखळी दुसऱ्या दरावर चालत नाही.

तीस वर्षांचं स्थिर कर्ज घेऊन बसलेल्या माणसाला मात्र २०२३ मध्ये काहीच करावं लागलं नाही. त्याला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. दर पडले तर तो रीफायनान्स करील, नाहीतर करणार नाही.

दीडशे वर्षांतल्या या तीन पडझडींतून मला दिसतं ते एवढंच. अंतरानं नुकसान होतं, पण ते सावरता येतं: चांगला मूल्यमापक, प्रामाणिक व्यवस्थापक, स्वतः एकदा जाऊन यायचं विमानाचं तिकीट. माणसं बुडाली ती मुदतीनं. नूतनीकरण मिळेलच, या गृहीतकावर. १८९३ मध्ये कान्ससचा शेतकरी, १९३२ मध्ये शिकागोचा घरमालक, २००८ मध्ये लास वेगासचा गुंतवणूकदार, तिघांनाही ज्या दिवशी नव्या कर्जाची गरज पडली, त्याच दिवशी ते कुणीच देत नव्हतं. आणि यात योगायोग नाही. जेव्हा सगळ्यांना एकदम नवं कर्ज लागतं, तेव्हाच देणारा हात आखडतो.

म्हणून प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यांना माझं उत्तर हे. कर्ज कोण देईल, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा विचारा: रीफायनान्स झालंच नाही, तर हे घर मी पाच वर्षं सांभाळू शकेन का? उत्तर ‘हो’ असेल, तर रीफायनान्स ही तुमची सोय आहे. उत्तर ‘नाही’ असेल, तर ते घर तुम्ही घेतलेलंच नाही. पुढच्या सावकाराच्या मर्जीवर वर्षभरासाठी वापरायला मिळालंय, एवढंच.

नियम आणि आकडे बदलत असतात, तेव्हा अर्ज करताना ताजे बघून घ्या. पुढच्या भागात फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोघींची सविस्तर कुळकथा ऐकू.